चाँदबीबी: सोलापूरच्या किल्ल्यासह दिलेली लेक

बनशंकरीहून आज चाँदबीबीबद्दल बोलणार आहे. मनगटावर ससाणा घेऊन घोडा फेकणारी तिची चित्रं तुम्ही पाहिली असतील. आज मी लढाई कमी आणि सोयरिकी जास्त सांगणार आहे, कारण तिच्या आयुष्याचा पेच तिथेच आहे.

गोष्ट तिच्या जन्माआधीची. १५२४ मध्ये विजापूरच्या आदिलशाही घराण्यातली मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. सोबत सोलापूरचा किल्ला आंदण द्यायचा ठरलाय, असं निजामशाहीचं म्हणणं. विजापूरने तो दिला नाही. त्या एका आंदणापायी दोन्ही घराणी चाळीसेक वर्षं एकमेकांवर चालून जात राहिली. नकाशा उघडून बघा. विजापूरहून भीमा ओलांडली की पुढचं मोठं ठाणं सोलापूर. असं ठाणं कोणी सुखासुखी सोडत नाही.

मग विजयनगरच्या रामरायाविरुद्ध एकत्र यायची वेळ आली. तह झाला तो आपल्याकडच्या साट्यालोट्यासारखा. हुसेन निजामशहाची लेक चाँद विजापूरच्या अली आदिलशहाला, अलीची बहीण चाँदच्या भावाला, मुर्तजाला. चाँदबरोबर सोलापूरही गेलं. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत रामराय मारला गेला. नवरी तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची.

त्याच वर्षी तिकडे स्कॉटलंडच्या मेरी राणीने दुसरं लग्न केलं. त्या नवऱ्याचा खून झाला, आणि संशय ज्याच्यावर होता त्याच्याशीच तिने तिसरं लग्न लावलं. गादी गेली, १५८७ मध्ये डोकंही गेलं. चाँदबीबीचं लग्न एकच, पण दोन्ही घरची भांडणं जन्मभर तिच्या दारात.

१५८० मध्ये अलीचा खून झाला. मूलबाळ नव्हतं. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला आणि कारभार चाँदबीबीकडे आला. किश्वरखान नावाच्या सरदाराने तिला कैद करून साताऱ्याच्या किल्ल्यावर धाडलं. तो पळाल्यावर ती सुटली. १५८४ मध्ये पुन्हा सोयरीक: इब्राहिमची बहीण मुर्तजाच्या मुलाला दिली. नवरीला घेऊन चाँदबीबी माहेरी गेली. चार वर्षांत त्याच नवरदेवाने आपल्या बापाला, म्हणजे तिच्या भावाला मारलं, आणि वर्षभरात तोही मारला गेला. असं हे माहेर!

त्या माहेरासाठी ती लढली. १५९५ च्या अखेरीस मुघलांनी नगरला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला तेव्हा ती तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली, हे सगळे सांगतात. मला विशेष वाटतं ते पुढचं. रात्रीतून ते खिंडार बुजवलं गेलं. दिवसभर लढून थकलेल्या माणसांकडून असं काम करून घेणं सोपं नसतं. शेवटी वऱ्हाड देऊन तिने नगर वाचवलं.

१६०० मध्ये मुघल पुन्हा आले. या वेळी टिकाव लागणार नाही हे तिने ओळखलं. किल्ला द्यावा आणि लहानग्या बहादूर निजामशहाला घेऊन जुन्नरला जावं, असा तिचा बेत होता. लष्करी दृष्टीने माझ्या मते तोच बरोबर होता: किल्ला गेला तरी राजा आणि फौज हाती राहिली असती. पण बाई मुघलांना फितूर झाली अशी आवई किल्ल्यातल्याच एका सरदाराने उठवली. जमाव महालात घुसला आणि तिला तिच्याच माणसांनी मारलं.

ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. नगरबाहेरच्या डोंगरावर ‘चाँदबीबीचा महाल’ म्हणून दाखवतात ती इमारतही तिची नाही. ती मुर्तजाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे.