मोबाईलमधली ॲप्स बदलायची आहेत? आधी काय, शेवटी काय



आपल्या मोबाईलमध्ये काय काय असतं बघा. वर्गाची यादी, पालकांचे नंबर, स्नेहसंमेलनाचे फोटो, कधी कधी आधार कार्डांचे फोटोसुद्धा. ही माहिती आपली एकट्याची नाही. वर्गातल्या प्रत्येक घराने ती विश्वासाने आपल्याकडे दिलेली आहे. म्हणून ती कोणत्या ॲपमधून जाते, हे पाहणं आपलं काम आहे.

ओपन सोर्स म्हणजे काय?

शाळेतली पोषण आहाराची खिचडी आठवा. काय घातलं, कसं शिजवलं, हे कुणीही पालक येऊन पाहू शकतो. ओपन सोर्स ॲपचं तसंच असतं. त्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो आणि जाणकार तो तपासू शकतात. पण एक लक्षात ठेवा, ओपन सोर्स म्हणजे आपोआप खासगी असं नाही. अँड्रॉइडचा पायाही ओपन सोर्सच आहे! त्यामुळे ॲप कोण चालवतं आणि त्याचे पैसे कुठून येतात, हेही पाहावं.

बदलाचा क्रम

सगळं एका दिवसात बदलायला गेलं की चार दिवसांत माणूस कंटाळून जुन्यावर येतो. सोपा नियम असा: जे बदलताना दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही, ते आधी. ज्यासाठी सगळ्यांना सोबत यावं लागतं, ते शेवटी.

१. व्हिडिओ: व्हीएलसी. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. जाहिराती नाहीत. कदाचित तुमच्याकडे आधीपासून असेलही.

२. ब्राउझर: फायरफॉक्स. अँड्रॉइड मोबाईलवरही यात यूब्लॉक ओरिजिन जोडता येतं. मग जाहिराती आणि आपला माग काढणारे बरेच कोड अडवले जातात. मुलांच्या हातात फोन देताना हे फार उपयोगी.

३. नकाशा: ऑरगॅनिक मॅप्स. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपची माहिती यात वापरतात. नकाशा आधी उतरवून ठेवला की सहलीला गडावर रेंज नसली तरी चालतो. वाहतूक कोंडी मात्र दिसत नाही आणि लहान वाड्या-वस्त्या कधी सापडत नाहीत. पण त्या आपण स्वतः भरू शकतो. भूगोलाचा छान उपक्रम होईल!

४. प्रश्नपत्रिका: संगणकावर लिबरऑफिस. मेनू मराठीतही मिळतो.

५. मेसेज: सिग्नल. हे शेवटी.

मेसेजचं ॲप शेवटी का?

व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूरही २०१६ पासून एन्क्रिप्टेड आहे, आणि तेही सिग्नलचीच पद्धत वापरून. फरक आहे तो इतर माहितीत. कोण कुणाशी किती वेळा बोलतं, ही माहिती सिग्नल जवळजवळ ठेवतच नाही. ते ना-नफा संस्था चालवते. शिवाय २०२४ पासून, ज्याच्याकडे आपला नंबर सेव्ह नाही त्याला तो सिग्नलवर आपोआप दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या पालक ग्रुपमध्ये प्रत्येक आईचा नंबर सगळ्यांना दिसतो, हे आपण जाणतोच.

पण सगळे पालक लगेच येणार नाहीत, आणि सक्ती करूही नये. एखाद्या पालकाकडे तेच एक ॲप असेल तर त्याच्या मुलाची सूचना चुकता कामा नये. म्हणून आधी शिक्षकांचा छोटा ग्रुप सिग्नलवर करा. मुलांची कागदपत्रं, गुण, आजारपणाची माहिती तिथेच पाठवा. सुट्टीची सूचना जुन्या ग्रुपवर राहिली तरी बिघडत नाही.

हे विसरू नका

- जुने व्हॉट्सअ‍ॅप संदेश सिग्नलमध्ये नेता येत नाहीत. हवं ते आधी जतन करा.
- ॲप काढून टाकलं म्हणजे खातं बंद होत नाही. सेटिंगमध्ये जाऊन खातं डिलीट करा.
- सारख्या नावाची नकली ॲप्स असतात. बनवणाऱ्याचं नाव तपासूनच घ्या.
- बोलून मराठी टाइप करणं यासारख्या काही सोयींना तितकेच चांगले पर्याय अजून मिळत नाहीत. तिथे जुनं ॲप ठेवायला हरकत नाही.

या महिन्यात फक्त एकच ॲप बदला. पंधरा दिवस जुनं आणि नवं दोन्ही राहू द्या. सवय झाली की पुढचं. तुम्ही सुरुवात कशाने केली, ते जरूर कळवा.