संस्थेचा कारभार (भाग ६) : मंडळ राबणारे की मान डोलावणारे?

मागच्या भागात संस्थेची घटना पाहिली. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार ही पदे सगळ्याच घटनांत असतात. कारभाराची रीत मात्र संस्थेगणिक निराळी. कुठे मंडळ स्वतः राबते, कुठे धोरण ठरवून बाकीचे पगारी व्यवस्थापकावर सोपवते, कुठे एकाच्या शब्दावर सगळे चालते.

राबणाऱ्या मंडळाचे ठळक उदाहरण पुण्याचेच. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, तेव्हा शिकवणाऱ्यांनीच संस्था चालवायची असे ठरले. आजीव सदस्यांनी वीस वर्षे सेवेचे वचन द्यायचे, बेताच्या पगारात शिकवायचे आणि रोजचा कारभारही पाहायचा. वर्गातली अडचण वरपर्यंत पोचायला वेळ लागत नसे, कारण वर आणि खाली माणसे तीच. पण सगळेच बरोबरीचे, तर जाब कोणी कोणाला विचारायचा? सदस्यांनी बाहेरची कामे आणि जादा मिळकत घ्यावी का, यावरून खटके उडू लागले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतल्यावर वाद विकोपाला गेला आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला.

पुढे १९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला, तो उलट्या वळणाचा. प्रथम सदस्य म्हणून सूत्रे त्यांच्या हाती. नव्यांना पाच वर्षे उमेदवारी. डेक्कनमधले पोळलेपण त्यामागे असावे, असा माझा तर्क आहे. एकहाती कारभारात कटकटी कमी, पण तो हात गेला की काय? १९१५ मध्ये गोखले वारले आणि गांधीजींना सदस्य करून घ्यावे की नाही, यावरच सदस्यांत एकमत होईना. शेवटी गांधीजींनीच अर्ज मागे घेतला.

धोरणापुरते मंडळ ही रीत अमेरिकेत जॉन कार्व्हर यांनी पद्धतशीर मांडली: साध्य काय आणि कोणत्या मर्यादा ओलांडायच्या नाहीत हे मंडळाने सांगावे, बाकी व्यवस्थापकाचे. व्यवस्थापक ठेवण्याची ऐपत असेल तर उत्तम.

आपल्याकडे सर्रास दिसते ते वेगळेच. हजेरीवही फिरते, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम होते, चहा येतो. खरा निर्णय येतो तो 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' या शेवटच्या कलमात, निम्मी मंडळी चपला शोधत असताना. याला रीत म्हणवत नाही. उद्या संस्थेची जागा विकायची झाली, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते आणि अर्जासोबत ठराव जातो तो सगळ्या मंडळाच्या नावाने.

लहान संस्थेने राबणारे मंडळच ठेवावे, पण संस्थेकडून एक पैसाही न घेणारे निदान दोघे त्यात असावेत, हिशेब विचारायला.

पुढच्या आठवड्यात चेंज रिपोर्टविषयी. तोवर आपल्या संस्थेची इतिवृत्ताची वही मागून घ्या आणि गेल्या वर्षी 'ऐनवेळी' काय काय मंजूर झाले ते वाचा.