सही खरी, पण बेरीज?

मलकापूरच्या पेठेत इचलकरंजीचा माल विकणारे आम्ही छोटे कापड व्यापारी. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि वहीतला जमाखर्च हळूहळू दूरच्या संगणकावर गेला. तो संगणक आम्ही पाहिलेला नाही, चालवणारा ओळखीचा नाही. चूक त्याची असली तरी कमी भरलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज मात्र आमच्याच नावावर लागते.

ई-इनव्हॉइसवरच्या क्यूआर कोडमध्ये नोंदणी पोर्टलची डिजिटल सही असते. बिल तेथे नोंदले गेले, नंतर त्यात फेरफार झाला नाही, एवढेच ती सांगते. महिन्याभराचा हिशेब संगणकाने बरोबर केला की नाही, हा प्रश्न वेगळा.

जुने दिवाणजी गुणाकार तपासताना नऊ काढीत. ४८ तागे, प्रत्येकी ६५ मीटर, एकूण ३१२०. अंकांची बेरीज करीत गेले की ४८ चे ३, ६५ चे २. तीन दुणे सहा. ३१२० चेही ६. पण कोणी ३२१० लिहिले तरी ६ च येतात! रीत ठाऊक असलेल्याला फसवणे सोपे.

१९७७ साली लॅटव्हियाचे गणितज्ञ फ्रेइवाल्ड्स यांनी तोड सुचविली. आकड्यांच्या दोन मोठ्या कोष्टकांचा गुणाकार दुसऱ्याने करून आणला, की आपण ऐनवेळी चिठ्ठ्या टाकल्यासारखे आकडे निवडून थोडक्यात पडताळा घ्यायचा. चुकीचे उत्तर एका वेळी निसटण्याची शक्यता फार तर निम्मी. दहा वेळा तपासले तर हजारात एकापेक्षाही कमी. गाठीतला कोणता तागा उलगडणार, हे गिऱ्हाईक आधी सांगत नाही, तसेच हे. फरक इतकाच की गाठीत एकच तागा खराब असला तर तो हाती लागेलच असे नाही; या गणितात मात्र एका चुकीचा डाग सगळ्या गाठीवर पसरविला जातो.

१९८५ मध्ये गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी प्रश्नोत्तरी पुराव्याचे शास्त्र मांडले. पहिल्या दोघांना २०१२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज संगणक उत्तरासोबत छोटा पुरावा जोडू शकतो. इथेरियमवर हजारो व्यवहारांच्या गठ्ठ्यामागे असा एकच पुरावा दिला जातो. अडचण खर्चाची. पुरावा तयार करायला मूळ हिशेबाच्या कित्येक पट काम पडते. शिवाय बिलच चुकीचे भरले, तर पुरावा त्या चुकीच्या बिलाची बेरीज बरोबर आहे असेच म्हणणार.

तोवर व्यापारी बांधवांनी रिटर्न भरण्यापूर्वी कुठलीही दहा बिले स्वतः निवडून हाताने ताडून पाहावीत. कोणती, ते हिशेबनिसाला आधी सांगू नये.