व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग

व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (संक्षेप: व्हीव्हीटी, मराठी: परिवर्ती झडप समयन) म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनातील झडपा उघडण्याच्या व मिटण्याच्या वेळा इंजिन चालू असतानाच बदलण्याचे तंत्र होय. काही प्रकारांत झडप किती उचलली जाते, तेही बदलता येते. आजच्या बहुसंख्य पेट्रोल मोटारींत हे तंत्र कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते.

पार्श्वभूमी

चार धावांच्या इंजिनात चोषण, संपीडन, शक्ती व निष्कास या क्रमाने दट्ट्याच्या धावा होतात. चोषण झडपेतून हवा व इंधन आत येते, निष्कास झडपेतून जळालेले वायू बाहेर जातात. या झडपा कॅमशाफ्ट उघडतो. तो क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो.

मंद गतीला, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, एका धावेला सुमारे ३७ मिलिसेकंद मिळतात. ६,००० फेऱ्यांवर केवळ ५. जलद गतीत आत शिरणाऱ्या हवेला इतका वेग आलेला असतो, की दट्ट्या वर वळल्यावरही ती काही काळ आत येतच राहते. म्हणून झडप उशिरा मिटणे तेथे लाभाचे ठरते. तीच झडप मंद गतीत तितक्याच उशिरा मिटली, तर आत आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते आणि खेच कमी होते. दोन्ही झडपा क्षणभर एकत्र उघड्या राहण्याच्या काळाचेही (ओव्हरलॅप) असेच आहे: जलद गतीत तो सिलिंडर स्वच्छ करतो, तर मंद गतीत जळालेले वायू चोषण मार्गात शिरून इंजिन थरथरते. स्थिर कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनात ही वेळ तडजोडीनेच ठरवावी लागे.

रचना

सर्वाधिक रूढ पद्धतीत कॅमशाफ्टच्या टोकाशी असलेल्या दंतचक्रात तेलाचे कप्पे असतात. इंजिनचा संगणक विद्युत झडपेद्वारे या कप्प्यांत तेल सोडतो आणि कॅमशाफ्ट चेनच्या तुलनेत काही अंश पुढे वा मागे सरकतो. होंडाच्या १९८९ मधील व्हीटेक पद्धतीत मात्र जलद गतीसाठी वेगळ्या आकाराचा कॅमच कामाला लावला जातो. त्याआधी १९८० मध्ये अल्फा रोमिओने आपल्या स्पायडर मोटारीत समयन बदलणारी यंत्रणा बसवली होती.

महाराष्ट्राशी संबंधित ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे २०१७ पासून तयार झालेल्या जीप कंपास मोटारीचे आहे. तिच्या १.४ लिटर पेट्रोल इंजिनात फियाटची मल्टीएअर पद्धती होती. तीत कॅम व चोषण झडप यांच्यामध्ये तेलाचा स्तंभ असतो. ते तेल वाट देऊन सोडले, की कॅम फिरत असूनही झडप मिटते. त्यामुळे वेळ आणि उचल दोन्ही बदलतात.

शक्तीवरील परिणाम

व्हीव्हीटीमुळे कमाल शक्ती फार वाढते, हा समज अर्धवट आहे. मारुती स्विफ्टच्या १.२ लिटर इंजिनाला २०११ मध्ये व्हीव्हीटी मिळाल्यावर शक्ती ८५ वरून ८७ पीएस झाली. खरा फरक कमाल आकड्यात नसून मधल्या फेऱ्यांवर मिळणाऱ्या खेचीत असतो. गियर न उतरवता खंडाळ्याचा घाट चढताना तो जाणवतो.

इंधनाची बचत

पेट्रोल इंजिनात हलक्या भारावर थ्रॉटल अर्धवट मिटलेले असते आणि दट्ट्याला निर्वाताविरुद्ध हवा ओढावी लागते. या श्रमाला पंपन हानी म्हणतात. झडपांची वेळ बदलून थोडे जळालेले वायू सिलिंडरमध्येच ठेवले, किंवा चोषण झडप उशिरा मिटवली, तर तेवढ्याच शक्तीसाठी थ्रॉटल अधिक उघडावे लागते आणि ही हानी घटते. ज्वलनाचे तापमान उतरल्याने नायट्रोजनची ऑक्साइडेही कमी होतात. संकरित मोटारींतील ॲटकिन्सन आवर्तन याच उशिरा मिटण्यावर आधारलेले आहे.

बचत कोठे होते, हे शीळफाट्यावरून स्पष्ट होते. कल्याण–शीळ रस्ता येथे मुंब्रा–पनवेल रस्त्याला मिळतो आणि अवजड वाहनांमुळे येथे कोंडी नित्याची आहे. डोंबिवलीहून पुण्याला निघालेली मोटार येथे उभी असते, तेव्हा व्हीव्हीटी ओव्हरलॅप कमी करून इंजिन स्थिर ठेवते, इतकेच. अंतर न कापता जळणारे पेट्रोल वाचवणे तिच्या हाती नाही. ते काम इंजिन आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेचे किंवा संकरित मोटारीचे. पुढे कळंबोलीनंतर द्रुतगती मार्गावर स्थिर वेग आणि हलका भार मिळाला, की बचत सुरू होते. मोटारींच्या जाहिरातींत छापला जाणारा प्रमाणित मायलेजचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर ठरावीक चक्रात चालवून काढलेला असतो; त्यातील शहरी टप्प्याशी शीळफाट्याच्या संध्याकाळची तुलना होऊ शकत नाही.

कोंडीत शेजारी उभ्या असलेल्या डिझेल ट्रकना या तंत्राचा फारसा उपयोग नाही, कारण डिझेल इंजिनात हवा रोखून शक्ती कमी करत नाहीत. त्यामुळे पंपन हानी मुळातच अल्प असते.

देखभाल

यंत्रणा इंजिन ऑइलच्या दाबावर चालते. ऑइल जुने, घाण किंवा चुकीच्या दर्जाचे असल्यास कप्प्यांकडे जाणारे बारीक मार्ग तुंबतात. सुरू करताना खडखडाट, उभ्या गाडीत इंजिनची अस्थिरता, खेच कमी होणे आणि डॅशबोर्डवरील इंजिनचा दिवा ही लक्षणे दिसतात. चेन सैल पडल्यासही अशीच लक्षणे दिसतात. कोंडीत वारंवार उभ्या राहणाऱ्या गाडीचे इंजिन किलोमीटरच्या मानाने जास्त तास चालते; म्हणून ऑइल बदलताना केवळ किलोमीटर न पाहता महिन्यांची मर्यादाही पाळणे आवश्यक असते.