तलवारींच्या मैदानात वाजवणाऱ्याची जागा कुठे?



एखादं मूल तबला किंवा पेटी शिकत असतं. दोन-चार स्पर्धांत नंबर येत नाही. मग घरात बोलणं सुरू होतं, "एवढी फी भरून उपयोग काय?" हळूहळू सराव थांबतो आणि तबल्यावर कापड पडतं ते कायमचं. आपण म्हणतो, मुलाची तयारी कमी पडली. पण त्याच्या वाजवण्याची कुणाला गरज होती का, हे मात्र आपण बघत नाही. हा प्रश्न समजून घ्यायला आज एका दूरच्या मंडळींकडे जाऊया.

जुना काळ जगून बघणारे लोक

अमेरिकेत 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रोनिझम' नावाची एक संस्था आहे. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे, एका घराच्या परसात काही हौशी मंडळी जमली आणि तिथून ती सुरू झाली. सतराव्या शतकाच्या आधीचं जग, त्यातही मुख्यतः युरोप, स्वतः करून बघणं हा तिचा उद्देश. सभासद त्या काळचे कपडे शिवतात, तेव्हाचं जेवण रांधतात, त्या काळाला शोभेल असं नाव घेतात. चिलखत घालून वेताच्या तलवारींनी लढतात. पेनसिल्व्हेनियात १९७२ पासून त्यांचा एक मोठा मेळा भरतो, त्याचं नाव 'पेन्सिक वॉर'. हजारो लोक त्यासाठी तंबू ठोकून राहतात.

यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे इथे तिकीट काढून बसलेले प्रेक्षक नसतात. येणाऱ्या प्रत्येकाने जुना पोशाख घालायचा, निदान तसा प्रयत्न तरी करायचा. म्हणजे जो तो कार्यक्रमातलाच.

आता विचार करा. अशा ठिकाणी एक नवा माणूस गिटार घेऊन येतो. सगळ्यांचं लक्ष तलवारींकडे. व्यासपीठ नाही, माईक नाही, नाव पुकारणारं कुणी नाही. त्याला येणारी गाणी आजची. आजची सहा तारांची गिटारसुद्धा त्या काळात नव्हती. तेव्हा ल्यूट होतं, ज्याचं नाव अरबी 'अल्-ऊद'वरून आलं. तो चांगला वाजवतो, तरी सुरुवातीला त्याला कळतच नाही की आपण बसायचं कुठे?

नाचणाऱ्यांच्या पायाशी

पहिली जागा मिळते नाचात. सोळाव्या शतकातल्या नाचांची माहिती आपल्याला ज्या पुस्तकांतून मिळते त्यातलं एक म्हणजे 'ऑर्केसोग्राफी'. ते १५८९ साली फ्रान्समध्ये छापलं गेलं. लेखक धर्मगुरू होते आणि त्यांनी थ्वानो आर्बो हे टोपणनाव घेतलं होतं. शिक्षकांना आवडेल अशी गंमत म्हणजे सगळं पुस्तक गुरू-शिष्यांच्या संवादात आहे. शिष्य प्रश्न विचारतो, गुरू समजावतो, आणि सुरांच्या शेजारीच कुठल्या सुराला कुठलं पाऊल ते लिहून ठेवतो.

त्यात धोबिणींचा एक नाच आहे. कपडे धोपटल्याचा आवाज यावा म्हणून नाचणारे टाळ्या वाजवतात. घोड्यांचा नाच आहे, त्यात पाय आपटायचे. पावान नावाचा संथ नाच आहे. त्यातल्या एका गाण्याला शेवटपर्यंत एकच ढोलाचा ठोका दिलाय: एक लांब, दोन आखूड. बस्, एवढंच! पहिलीतलं मूलही टाळीने धरू शकेल.

पण हा ठोका चुकला तर सगळी रांग अडखळते. म्हणून नाचाला वाजवणारा स्वतःच्या बोटांकडे कमी आणि लोकांच्या पायांकडे जास्त बघतो. दमले की लय जरा सांभाळतो, नवखे असतील तर सावकाश घेतो. त्याचं कौतुक कुणी मुद्दाम करत नाही, पण तो आला नाही तर पहिलं वाक्य असतं, "वाजवणार कोण?" मला वाटतं, जागा मिळाल्याची याहून चांगली खूण नाही.

शेकोटीभोवती

रात्री शेकोटीभोवती गाणी-गोष्टींचं वर्तुळ जमतं. तिथे एक साधी रीत बऱ्याच ठिकाणी पाळली जाते. आपली पाळी आली की तीनपैकी एक करायचं: स्वतः काहीतरी सादर करायचं, दुसऱ्या कुणाला फर्माईश करायची किंवा पाळी पुढे सोडायची. लाजाळू माणूस चार रात्री नुसता ऐकतो, तरी तो वर्तुळातलाच असतो. पाचव्या रात्री कदाचित गाईल. आपल्या वर्गात "चल, म्हण पटकन!" असं म्हणताना ही रीत आठवण्यासारखी आहे.

मोठा आवाज, लहान आवाज

पंधराव्या शतकाच्या युरोपात वाद्यांचे दोन गट मानत: मोठ्या आवाजाची आणि मृदू आवाजाची. शॉम, तुतारीसारखी वाद्यं उघड्यावरच्या मिरवणुकीसाठी. ल्यूट, हार्प, रेकॉर्डर दालनात बसून ऐकण्यासाठी. शॉम म्हणजे दुहेरी पत्तीचं सुषिर वाद्य, आपल्या सनईच्याच कुळातलं. त्यामुळे ते मैदानात का शोभतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको! आपल्या वाद्याची जागा कुठली, हे ओळखणं हीसुद्धा संगीताची समजच.

तेराव्या शतकाच्या मध्यातलं एक इंग्रजी गाणं या मंडळींत फार आवडतं, 'सुमेर इज इकुमेन इन'. चार जण एकच चाल एकामागून एक सुरू करतात आणि खाली दोन जण एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहतात. ही खालची ओळ सगळ्यात सोपी. नवखा माणूस तिथून सुरुवात करू शकतो. ती सोपी आहे म्हणून कमी महत्त्वाची आहे का? मुळीच नाही. वरचे चौघे तिच्यावरच उभे असतात. आपल्या भजनातल्या टाळकऱ्याला हे नक्की पटेल.

या संस्थेत मानसन्मानही आहेत. कलाकौशल्यासाठी 'ऑर्डर ऑफ द लॉरेल' हा मोठा मान. पण तो मिळतो पुष्कळ वर्षांनी, आणि सगळ्यांना मिळतही नाही. लोक तोवर टिकतात ते मानासाठी नव्हे, तर आपली वाट बघणारं कुणीतरी आहे म्हणून.

आपण काय करू शकतो?

परिपाठात प्रार्थनेचा ठोका रोज एका मुलाकडे द्या. स्नेहसंमेलनाच्या नाचाचा सराव मोबाईलच्या गाण्यावर होतो, त्यातला निदान एक नाच वर्गातल्या ढोलकीवर बसवून बघा. बेसूर म्हणून मागे बसवलेल्या मुलाला पुन्हा पुन्हा येणारी एकच ओळ द्या. गाण्याच्या तासाला "पाळी सोडतो" म्हणायची मुभा ठेवा. आणि पालकहो, क्लासमधून आल्यावर "आज काय शिकलास?" हे विचाराच, पण कधीतरी असंही म्हणा, "संध्याकाळी आरती आहे, तू वाजवशील ना?"

नंबर तिघांचेच येतात. आरतीला मात्र रोज कुणीतरी वाजवणारं लागतंच.