मंडळाचा जुना कॅमेरा: ठेवायचा की काढायचा?

गेल्या महिन्यात मंडळाचं सामान आवरताना एका काळ्या बॅगेतून सोनीचा पीडी १७० निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काढून टाकू या ना आता?" कोणीतरी विचारलं. मी लगेच उत्तर दिलं नाही. इतकी वर्षं ज्यातून तुमची नाटकं, तुमच्या मुलींची लेझीम आणि तुमची उखाण्यांत उडालेली तारांबळ पाहिली, त्याचा निकाल उभ्या उभ्या कसा लावणार?

नव्या मंडळींसाठी सांगतो. हा कॅमेरा २००३ साली बाजारात आला. लग्नाचे व्हिडिओवाले, बातमीदार, माहितीपट करणारे, सगळेच तो वापरायचे. वजन साधारण दीड किलो, आत लाल, हिरव्या, निळ्या रंगासाठी एकेक असे तीन सीसीडी, आणि बारा पट झूम.

त्याचं खरं बळ अंधारात. आपली नाटकं होतात शाळेच्या भाड्याच्या ऑडिटोरियममध्ये, आणि तिथल्या दिव्यांच्या पॅनलला आपल्याला हात लावू देत नाहीत. अशा मिणमिणत्या उजेडातही हा पठ्ठ्या शेवटच्या रांगेतून नायिकेच्या डोळ्यांतलं पाणी टिपायचा. दुसरं म्हणजे फोटोंचे फ्लॅश. आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्र वरून खाली एकेक ओळ करून वाचलं जातं. त्यामुळे फ्लॅश उडाला की अर्धी चौकट पांढरी, अर्धी काळी दिसते. सीसीडी सगळं चित्र एकदम घेतो. मुंजीत पन्नास काका एकाच वेळी फोटो काढत असले तरी त्याचं काही बिघडत नाही.

आवाजाचं तर विचारूच नका. व्यावसायिक माइकसाठी दोन एक्सएलआर जागा आहेत. एकात साउंडबोर्डची वायर घालायची, दुसऱ्यात प्रेक्षकांकडे तोंड केलेला माइक. एका वर्षी मी दोन्हीकडे साउंडबोर्डच जोडला. हशा रेकॉर्डच झाला नाही. ते विनोदी नाटक आता पाहिलं की नट शोकसभेत बोलताहेत असं वाटतं.

आता उणी बाजू. चित्र जेमतेम ४८० ओळींचं आणि जवळपास चौकोनी. आजच्या मोठ्या टीव्हीवर ते धुरकट दिसतं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. रुंद चित्राची सोय आहे म्हणायला, पण त्यात वरचा-खालचा भाग कापून उरलेलं ताणलेलं असतं. रंगमंचावरचा प्रखर दिवा समोर आला की चित्रात उभी पांढरी रेघ उमटते, हा सीसीडीचा जन्मजात दोष. आणि टेप! साठ मिनिटांची टेप डीव्हीकॅम पद्धतीत चाळीस मिनिटंच चालते. एका रहस्यनाट्यात नेमकं खुनी कोण ते कळायच्या वेळी मी टेप बदलत होतो. आमच्या घरी खुनी अजून मोकाट आहे.

म्हणून नव्या शूटिंगसाठी मंडळाने नवा कॅमेरा घ्यावा, असंच मी समितीला सांगितलं. दोन कार्डांचा, एक भरलं की थांबल्याशिवाय दुसऱ्यावर जाणारा. फोटोच्या कॅमेऱ्यावर पैसे घालू नका. त्यातले बरेच अर्ध्या तासाच्या आत आपोआप थांबतात, आणि अंक काही आपल्यासाठी थांबत नाही. फोन अंगणात उत्तम, मागच्या रांगेतून निरुपयोगी.

पण जुना काढू नका, असंही सांगितलं. त्याचं कारण शूटिंग नाही.

माझी आई २००५ साली इथे आली होती. करंज्या करताना तिला मी या कॅमेऱ्यावर घेतलं होतं. मोहन किती घालायचं ते ती हाताने दाखवते, माप सांगत नाही. गेल्या हिवाळ्यात ती टेप लावली, तर नेमकं तिथे चौकडे-चौकडे दिसले आणि आवाज तुटला. हेड साफ करून पुन्हा लावल्यावर थोडं परत आलं, सगळं नाही. आई आता नाही, आणि ती टेप वाचू शकेल असं दुसरं यंत्र माझ्याकडे नाही.

तुमच्याही कपाटात अशा टेपा असतील. त्या संगणकावर घ्यायला जितक्या तासांची टेप तितके तास बसावं लागतं, घाई चालत नाही. तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. फायरवायरची जागा नव्या लॅपटॉपला नसते, म्हणून मी एक जुना जपून ठेवलाय. भारतातून आलेल्या टेपा मात्र पाल पद्धतीच्या, त्या इथल्या या एनटीएससी कॅमेऱ्यावर चालत नाहीत. कॅमेऱ्याचं हेडही झिजतंय, तेव्हा फार थांबू नका.

आमच्या तरुण मुलांना म्हणे त्या धुरकट रंगांची आता पुन्हा हौस आहे. त्यांना शिकवतो, बदल्यात त्यांनी टेपा उतरवायला बसायचं, असं ठरलंय. फराळाच्या दिवशी टेपा घेऊन या. लेबलवर नुसती तारीख असली तरी चालेल. एवढंच करा, टेपेच्या कडेचं छोटं बटण 'सेव्ह'कडे सरकवून आणा. आमच्याकडे मुलाच्या पहिल्या वाढदिवसावर कोणाचं तरी हळदीकुंकू रेकॉर्ड झालेलं आहे.