शेवट सांगू नका, पण बोला!

शुक्रवारी पिक्चर लागतो. कॉलेजमधली चार टाळकी लेक्चर बुडवून विरारला पहिला शो गाठतात. परतीची डहाणू लोकल सफाळ्याला पोचायच्या आत ग्रुपवर मेसेज, 'व्हिलन त्याचा भाऊच निघाला रे!'

त्याच ग्रुपमधला एक मित्र तारापूर एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असतो. त्याची सुट्टी दोन दिवसांनी, तिकीटही काढलेलं. रात्री बोईसरला घरी निघताना मोबाइल बघतो, तर स्क्रीनवर आधी हेच!

म्हणून गप्प बसायचं? छे! बघून आल्यावर बोलायचं नाही तर बघायचं कशाला? फक्त झाकून बोला.

टेलिग्रामने 2021च्या शेवटी यासाठी सोय आणली. वाक्य सिलेक्ट करा, फॉरमॅटिंगमध्ये 'स्पॉयलर' निवडा. बोट लावेपर्यंत ते दिसत नाही, नोटिफिकेशनमध्येही नाही. डिस्कॉर्डवर वाक्याच्या मागे-पुढे दोन-दोन उभ्या रेघा द्या. व्हॉट्सॲपवर काहीजण एकाखाली एक टिंबं टाकून शेवट खाली ढकलतात. नोटिफिकेशनपुरतं ते ठीक, पण ग्रुप उघडला की डोळा नेमका तळाशीच जातो. त्यापेक्षा व्हॉइस नोट बरी, प्ले केल्याशिवाय काही कळत नाही. (लोकलमध्ये हेडफोन लावूनच ऐका. डब्यातल्या बाकीच्यांनाही पिक्चर बघायचाय.)

पण झाकण्याआधी पाटी हवी. कुठला पिक्चर, इंटरव्हलपर्यंतचं की शेवटचं, हे उघड लिहा. नुसतं 'स्पॉयलर आहे' म्हटलं तर उघडायचं की नाही, हे समोरच्याने ठरवायचं कसं?

आणि सगळ्यात फसवा स्पॉयलर म्हणजे 'मी काहीच सांगत नाही, पण शेवटी रुमाल जवळ ठेव.' झालं की सांगून! 'ट्विस्ट बघून हादरशील' हेही तसंच. मग माणूस पिक्चर सोडून ट्विस्टच शोधत बसतो. 2016ला 'सैराट' बघून आलेल्यांचे चेहरेच इतके बोलके होते, की वेगळं सांगायची गरज नव्हती.

लंडनमध्ये 1952पासून चाललेल्या 'द माउसट्रॅप' नाटकात तर पडदा पडण्याआधी नटच प्रेक्षकांना विनंती करतो, खुनी कोण ते बाहेर सांगू नका.

किती दिवस थांबायचं? कटप्पाने बाहुबलीला का मारलं, यासाठी आपण 2015 ते 2017 थांबलोच होतो. इथे निदान नाइट शिफ्टवाल्याची सुट्टी तरी होऊन जाऊ द्या. अगदीच राहवत नसेल, तर ज्याने पाहिलाय त्याला पर्सनलवर गाठा.